पाण्याचा आठवडा

सोमवार, ७ जुलै

सकाळी साडेआठला गच्चीवर. हवामान खात्यात चोवीस तासांच्या पावसाची नोंद साडेआठलाच घेतात. आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी मांडायचे तर आपणही हीच वेळ पाळायची, हे थोरलीनं पावसाळ्याच्या सुरुवातीलाच ठरवून टाकलं. आमचं पर्जन्यमापक म्हणजे बाटली कापून तिचा गळा उलटा बसवलेला, बाहेरून मोजपट्टी डकवलेली. बाटलीचा तळ खळग्यांचा असतो, म्हणून आत मेण वितळवून ओतलं आणि शून्याची रेघ त्याच्यावर मारली.

आज चार मिलिमीटर. धाकट्यानं विचारलं, "चार मिलिमीटर म्हणजे किती बादल्या?"

मग नाश्ता राहिला बाजूला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं, हे त्याला सांगितलं नाही. त्यानं वीट मोजतात तसं लांबी, रुंदी, उंची धरून स्वतःच काढलं. त्याला वेळ लागला, आणि तो लागू द्यायचा हे आमचं ठरलेलं आहे. गच्ची टेपनं मोजली, वीस मीटर गुणिले नऊ. सातशे वीस लिटर. पंधरा लिटरच्या अठ्ठेचाळीस बादल्या! दोघंही पन्हाळीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. "मग हे सगळं जातं कुठं? आणि आपल्या नळाला येतं ते कुठून?"

या आठवड्याचा विषय ठरला. आमची दोन्ही मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात; इतिहास, भूगोल, गणित असे वेगळे तास आमच्याकडे नसतात. बालभारतीची पुस्तकं कपाटात आहेत, ती आम्ही वाचतो, गणिताची तर नेमानं सोडवतो. पण आठवडा पुढे ओढतो तो असा एखादा प्रश्नच.

मंगळवार, ८ जुलै

समोरच्या इमारतीत फरशीचं काम चाललंय. तिथले मिस्त्री पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढत होते. धाकटा अर्धा तास दारात उभा. शेवटी त्यांनीच हाक मारली, "बाळा, ये, हे टोक धर." नळीचं एक टोक या भिंतीला, दुसरं पलीकडच्या खोलीतल्या भिंतीला. मध्ये नळी जमिनीवर कशीही लोळली तरी दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं. पेन्सिलीनं खूण केली. मग मिस्त्रींनी नळी वर करून उजेडाकडे धरली आणि आतला एक बारीक बुडबुडा दाखवला. "हा राहिला की लेव्हल गेली. आधी हवा काढायची, मग खूण." टिचक्या मारून मारून त्यांनी तो टोकापर्यंत नेला आणि सोडून दिला.

दुपारी कात्रजला गेलो. तलावाच्या काठावर बसून मी मुलांना कात्रजच्या नळाची गोष्ट सांगितली. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी बांधकामाचा नळ नेला. ना पंप, ना वीज. कात्रज उंचावर, शहर खाली. नुसत्या उतारावर पाणी चालतं केलं. वाटेत गाळ बसावा अशी सोय केली आणि ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, म्हणजे आत अडकलेल्या हवेला बाहेर पडायला वाट. मी इथपर्यंत आले आणि धाकटा ओरडलाच, "बुडबुडा! मिस्त्रीकाकांचा बुडबुडा!"

मी पुढे काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. सकाळी नळीत पाहिलेला बुडबुडा त्यानं पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या नळात नेऊन बसवला होता.

येताना बसमध्ये थोरलीनं नळांचं पाणी ज्यांत पडायचं त्या हौदांची यादी केली. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी. यातली काही नावं तिला फक्त चौकाची म्हणून माहीत होती. नाना फडणवीसांनी आंबेगावाहून वेगळा नळ आणला, सरदार रास्त्यांनी कोंढव्याहून. तिचा प्रश्न असा, की ज्यांच्या वाड्यात हौद नव्हता त्यांनी काय केलं? सार्वजनिक हौद होते, असं मी म्हटलं. "सगळ्यांसाठी?" तिनं विचारलं. त्यावर मी म्हटलं, गुरुवारी बघू.

बुधवार, ९ जुलै

घरीच. टीएमसीचं गणित. पेपरात पावसाळाभर हा शब्द येतो, पण त्याचा आकार कुणाच्याच डोळ्यांपुढे नसतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांची क्षमता टीएमसीत अशी: खडकवासला 1.97, पानशेत 10.65, वरसगाव 12.82, टेमघर 3.71. बेरीज 29.15. म्हणजे खडकवासल्यात एकूण साठ्याच्या पावणेसात टक्केच मावतं, आणि वरच्या तिन्ही धरणांचं पाणी त्यातूनच पुढे येतं. नदीत एवढ्यातेवढ्या पावसातही पाणी का सोडावं लागतं, ते थोरलीला एका भागाकारात कळलं. दहा हजार क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला दहा हजार घनफूट, सोडलं तर एक टीएमसी संपायला एक लाख सेकंद, म्हणजे पावणेअठ्ठावीस तास. ती हे उत्तर दोनदा तपासून म्हणाली, "इतकं सुंदर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं."

संध्याकाळी तिनं एका निबंधस्पर्धेचा ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला. शाळेचं नाव आणि इयत्ता हे रकाने सक्तीचे, रिकामे ठेवले तर पुढचं पान उघडत नाही. तिला वाईट वाटलं. मला राग आला, अजून आहे. बारा वर्षांच्या मुलीची ओळख द्यायला तिचं नाव आणि वय पुरेसं असायला हवं.

गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा. सकाळी धाकट्यानं पेढ्याचा पुडा घेतला आणि समोर जाऊन मिस्त्रींना पेढा दिला, पायाही पडला. ते अवघडले. "अहो ताई, मी कसला गुरू," म्हणाले. मग हात धुऊन आले आणि पेढा खाल्ला.

तिथून गंज पेठेत, फुलेवाड्यात. अंगणातल्या हौदाशी थोरली बराच वेळ उभी होती. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तिच्या परवाच्या 'सगळ्यांसाठी?'चं उत्तर इथं होतं. पेशवाईतल्या नळांचं कौतुक करताना ते पाणी कुणाला शिवता येत होतं आणि कुणाला नाही, हे सांगितलं नाही तर तो इतिहास अर्धाच राहतो. तिनं वहीत कात्रजच्या पानासमोरच हे पान ठेवलंय.

जोतीराव कंत्राटदारही होते, खडकवासल्याच्या धरणाच्या बांधकामाशी त्यांचा संबंध होता. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी बंधारे घालून पाणी आणि माती शेतातच अडवण्याबद्दल तपशिलात लिहिलंय. धाकट्याला हे फार आवडलं. ज्यांचा फोटो चौकात असतो ते चुना नि दगडाचा हिशोबही ठेवत, याचा त्याला वेगळाच आदर वाटला.

मला मात्र दुसरंच काही डाचत होतं. सावित्रीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांना जोतीरावांनी घरीच शिकवलं. पुढे 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. याच शहरात न्यायमूर्ती रानड्यांनी 1873 मध्ये लग्न झाल्यापासून रमाबाईंना घरी शिकवलं, घरातल्या बायकांचा विरोध असताना. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं ते या रमाबाईंमुळे. दोघी घरी शिकल्या, कारण त्यांना दुसरं दार नव्हतं. आणि शिकल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते इतरांसाठी दार उघडण्याचं. माझ्या मुलांपुढे दारं पुष्कळ आहेत. त्यातलं शाळेचं दार आम्ही विचार करूनच घेतलं नाही, कारण आमच्याकडे पुस्तकं आहेत, घरून करता येणारं काम आहे, वेळ आहे. हे असणं मी रोज लक्षात ठेवलं पाहिजे. घरी शिकवणाऱ्यांनी शाळांना नावं ठेवत बसणं मला या अंगणात उभं राहून तर अजिबात जमणार नाही.

शुक्रवार, ११ जुलै

संभाजी उद्यानात आमच्यासारख्या कुटुंबांची भेट. मुलं खेळली, भांडली, झाडांची पानं गोळा केली. मोठ्यांचं बोलणं नेहमीच्याच वाटेनं गेलं, दहावीचं काय? शिक्षणहक्क कायदा 2010 पासून लागू आहे, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. घरी शिकण्याबद्दल त्यात स्पष्ट तरतूद नाही. वाटा मात्र आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, तिथं चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्याची पाचवी आणि आठवीच्या पातळीचीही परीक्षा असते. आणि बाहेरून दहावीला बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म तर पुण्यात सगळ्यांनाच माहीत. नव्यानं आलेल्या एका आईच्या डोळ्यांत पाणी होतं, सासरी रोज विचारतात म्हणाली, "पोरं वाया घालवणार का?" तिला नियम सांगितले, पण त्यानं तिचं काही हललं नाही. तिच्या मुलानं गोळा केलेली पानं तिच्या मांडीवर आणून ठेवली, ओळीनं, लहानापासून मोठ्यापर्यंत. मग ती जरा सावरली.

शनिवार, १२ जुलै

आजची तारीख पुण्यात वाढलेल्या माणसाला सांगावी लागत नाही. 1961 साली याच दिवशी सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, काम पूर्ण व्हायच्या आधीच. त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासलाही टिकलं नाही. 1879 मध्ये पूर्ण झालेलं ते धरण.

आजोबांना घेऊन खडकवासल्याला गेलो. चौपाटीवर भाजलेली कणसं घेतली. थोरलीनं फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि प्रश्नांचा कागद काढला. आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे, धाकट्यापेक्षा एकानं मोठे. त्यांचं बिऱ्हाड नदीपासून जवळ, शनिवार पेठेत.

"दिवसा आलं म्हणून आम्ही वाचलो," ते म्हणाले. "आई म्हणाली, चप्पल राहू दे, पळ. मी चप्पल घेतलीच." पूर ओसरल्यावरचं त्यांना जास्त आठवतं. कोपऱ्यावरच्या दुकानातली धान्याची पोती फुगून फुटलेली, त्यांचा आंबूस वास. कॉलऱ्याच्या सुईची रांग. नळ कोरडे, म्हणून नातेवाइकांच्या वाड्यातली जुनी विहीर उपसली आणि तिचं पाणी उकळून प्यायले.

थोरलीनं विचारलं, "शाळा किती दिवस बंद होती?"

"शाळा बंद कुठं? आम्ही तिथंच राहायला होतो. वर्गात. बाकं एकावर एक रचली, खाली चटया. आमच्या बाईंनीच पहिल्या रात्री पिठलंभात वाढला." मग थांबून म्हणाले, "मी पुढची कितीतरी वर्षं त्या वर्गात बसलो, की मला ती चटईची जागा दिसायची."

धाकट्यानं कणीस हातात तसंच धरलेलं. परतताना त्यानं विचारलं, "आजोबा, त्या बाई कुठे राहायच्या?" त्यांना माहीत नव्हतं. बाईंचंही घर गेलं असेल का, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मनात आणलं असावं; घरी येईपर्यंत ते गप्प होते. संध्याकाळी मात्र त्यांनी स्वतःहून जुन्या वर्गमित्राला फोन लावला, बाईंचं नाव विचारायला.

रविवार, १३ जुलै

पाऊस नऊ मिलिमीटर. रेकॉर्डिंग ऐकून थोरली लिहितेय. आजोबांची वाक्यं जशीच्या तशी ठेवायची, नीटनेटकी करायची नाहीत, एवढंच मी सांगितलं. पर्वती जलकेंद्र बघायला मिळेल का, असं पत्रही तिनं तयार केलंय. मजकूर तिचा, सही माझी.

इमारतीतल्या वॉचमनची मुलगी पालिकेच्या शाळेत पाचवीत आहे. ती सकाळी गच्चीवर आली आणि बाटलीत मेण का, हे तिनं धाकट्याला विचारलं. त्यानं नीट समजावलं. मग तिनं विचारलं, पन्हाळीखाली पिंप ठेवलं तर किती दिवस पुरेल? याचा विचार आम्ही तिघांनीही केला नव्हता. आता एका माणसाला दिवसाला पाणी किती लागतं, हे आधी मोजायला हवं. उद्यापासून प्रत्येक घरातल्या बादल्या मोजायच्या, वही तिच्याकडे राहील. तिची शाळा दुपारी सुटते, म्हणून आमच्या धड्याची वेळ चारला नेली.