कौलांवरचा अँटेना

आमच्या पिढीला टीव्हीची पहिली ओळख झाली ती कौलांवर. रत्नागिरीत ज्याच्या घरावर ॲल्युमिनियमच्या काड्या उभ्या राहिल्या, त्याच्या पडवीत रविवारी सकाळी चपलांना जागा पुरत नसे. 25 जानेवारी 1987 ला ‘रामायण’ सुरू झालं, त्याच्या मागचीपुढची ही वर्षं. संच बहुतेक चाकरमान्यांबरोबर यायचा, गणपतीत, एसटीच्या टपावरून.

अँटेना मात्र इथे ठरवावा लागे, आणि त्यात सगळं घर बोले. 1984 मध्ये देशभर लहान प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. शंभर वॅटच्या अशा केंद्राचा पल्ला पंधरा-वीस किलोमीटर, त्यात डोंगर आड आला की तोही गेला. म्हणून पहिला प्रश्न घर कुठे आहे हा. सड्यावर राहणाऱ्याचं थोड्या काड्यांत भागे. खाली वाडीत, माडांच्या आड राहणाऱ्याला जास्त काड्यांचा अँटेना, उंच पाइप आणि वर बूस्टर लागे. बूस्टरवर फार भिस्त ठेवू नये, हे जाणती माणसं सांगत. वर चित्रच पोचत नसेल, तर बूस्टर नुसत्या मुंग्या मोठ्या करतो. पैसे पाइपच्या उंचीवर घालावेत, हा त्यांचा सल्ला मला आजही पटतो.

दुसरा प्रश्न चॅनलचा. मुंबई दूरदर्शन चार नंबरच्या चॅनलवर, म्हणून तिथली मुख्य काडी दोन मीटरांहून लांब. चॅनलचा आकडा वाढला की काडी आखूड. पाहुण्याने प्रेमाने आणलेला अँटेनाही आपल्या केंद्राच्या चॅनलचा नसेल, तर निरुपयोगी.

कौलांवर पाय द्यायचा नाही, म्हणून पाइप भिंतीलगत जांभ्यात पक्का करत. मग एक जण शिडीवर, एक खळ्यात, एक संचासमोर.
“आलं का रे?”
“आवाज आला, चित्र नाय!”
“आता?”
“थांब थांब, हलवू नको काका, तसाच धर!”
तेवढ्यात काका हात सोडत आणि सगळं जाई.

खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत स्क्रू गंजत, जोडावर पांढरी पूड धरे. चपटी वायर भिजली की चित्र फिकं पडे. जाड गोल केबल महाग, पण कोकणात तीच खरी. आणि उकाड्याच्या दिवसांत, समुद्रावर हवेचे थर जुळून आले की पडद्यावर अचानक अरबी अक्षरं उमटत. आखाताची लहर थेट घरात! त्या रात्री आम्हाला कुणी झोपायला पाठवत नसे.

प्रसार भारतीने 2022 पर्यंत जुनी ॲनालॉग केंद्रं जवळजवळ सगळी बंद केली. पाइप अजून घरावर असेल, तर पावसाळ्यापूर्वी उतरवून घ्या. गंजलेला पाइप वादळात कौलं फोडतो. फुकट टीव्ही हवा असेल तर आता रत्नागिरीत डीडी फ्री डिशच घ्यावी. छत्री आग्नेयेला, आकाशाकडे बरीच वर तोंड करून लावायची, समोर माडाची झावळी नाही एवढं पाहायचं. महिन्याचं भाडं नाही.