शंकुकाचा घोडा आणि आभासी चष्मा

काव्यशास्त्राच्या तासाला शंकुकाचा चित्रतुरगन्याय शिकवताना अलीकडे मला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या हेडसेटची आठवण होते. चित्रातला घोडा आपण खरा मानत नाही, खोटाही मानत नाही. त्याविषयी संशय धरत नाही, आणि तो केवळ घोड्यासारखा आहे असेही म्हणत नाही. नाट्यास्वादाच्या मुळाशी अशीच विलक्षण प्रतीती असते, असे शंकुक मानतो. हेडसेटची प्रतिज्ञा मात्र निराळी आहे. त्याला आपल्याला घोड्यावरच बसवायचे आहे.

गंमत अशी, की पुष्कळदा शरीरच त्याला नकार देते. डोळे गती सांगतात, कानातला तोल सांभाळणारा भाग स्थिरता सांगतो, आणि पोटात ढवळू लागते. शंकुकाच्या घोड्याने कोणाला मळमळल्याचे ऐकिवात नाही.

ही उपकरणे घरोघरी का पोहोचली नाहीत, याचे उत्तर बहुधा किमतीत शोधले जाते. पण २०१४ साली आलेले गूगलचे कार्डबोर्ड म्हणजे पुठ्ठा, दोन भिंगे आणि आपलाच मोबाइल. तरीही २०२१ मध्ये गूगलने त्याची विक्री थांबवली. २०२३ मध्ये जिओडाइव्ह १,२९९ रुपयांत क्रिकेटचे आमिष घेऊन आले. दुसऱ्या टोकाला २०२४ मधील अ‍ॅपलचे व्हिजन प्रो: किंमत ३,४९९ डॉलर, वजन सहाशे ग्रॅमच्या पुढे. यांच्या मधले, २०२० साली २९९ डॉलरला आलेले क्वेस्ट २ बरेच खपले, पण मुख्यतः खेळांसाठी. तेव्हा अडचण केवळ पैशाची नसावी.

कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ सुरू केले. रंगवलेल्या काचांतून पडद्यावर कथा सरके. सोबत निवेदन आणि संगीत असे. तोही आभासच होता, पण तो सगळ्यांनी मिळून पाहण्याचा होता. उद्या तेरच्या संग्रहालयातील मूर्ती हेडसेटमधून वर्गात दाखवायच्या ठरवल्या, तर एक विद्यार्थी मूर्ती पाहील आणि उरलेले त्याचे हवेत चाचपडणारे हात पाहतील.

तुळजापूरला पायऱ्या उतरून देवीपाशी जावे लागते. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांच्यापुढे हे यंत्र देवीचे रूप आणून ठेवू शकेल; त्या सोयीला नाक मुरडण्याचा अधिकार धडधाकट माणसाला नाही. पण आमच्याकडे लोक देवीला ‘भेटून’ येतात. त्या भेटीत रांगेतली रेटारेटी असते, कपाळाला लागलेले कुंकू असते, अनोळखी गळ्यांतून उठणारा ‘उदो उदो’ असतो.

सर्व प्रेक्षक एकरूप होऊन पाहतात तेव्हा रसाचा परिपोष होतो, असे अभिनवगुप्त सांगतो. हेडसेट दृश्य जितके जवळ आणतो, तितका शेजारी दूर करतो. भिंगे आणखी स्वच्छ होतील, वजनही घटेल. परंतु ज्या दिवशी या चष्म्याला शेजारच्या माणसाचा हुंदका ऐकू येईल, त्या दिवशीच तो आपल्या घरातला होईल, असे मला वाटते.