खुणा

आबांचा मचवा मी पाहिलेला नाही. माझ्या जन्माआधीच तो विकला गेला. तरी त्यावरची चूल, पाण्याचं पीप, सुकाणूजवळची तांडेलाची वळकटी हे सगळं मला पाठ आहे, कारण आबा वर्षाचे आठ महिने तिथेच राहायचे. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळला की निघायचे. वैशाखात मचवा वर ओढून झापांनी शाकारला की मग घरी. तेही पाहुण्यासारखे, पावसाळ्यापुरते.

माल बहुतेक कौलांचा. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, मागोमाग आणखी निघाले आणि कोकणातली गवती छपरं हळूहळू लाल झाली. विजयदुर्गच्या आमच्या घरावरची कौलं आबांनीच आणलेली. चिरफाळलेली तेवढी घराला आणि चांगली गिऱ्हाइकाला, हा आजीचा कायमचा टोमणा.

मुंबईकडे जाताना वारा तोंडावर. दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो, त्याच्या समोर शीड चालत नाही. म्हणून रात्र सरताना मतलईवर नांगर उचलायचा, जमिनीकडून येणाऱ्या त्या वाऱ्यावर किनारा धरून जमेल तेवढं वर सरकायचं आणि खारा वारा फार पेटला की पुढची खाडी गाठायची. जयगड, दाभोळ, बाणकोट. मुंबई किती दिवसांवर असं विचारलं, तर आबा खाड्याच मोजून दाखवत. कित्येक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध, भरती येईपर्यंत बाहेर ताटकळायचं. विजयदुर्गला तो नाही, आणि याचा त्यांना इतका अभिमान की जणू वाघोटण नदी त्यांनीच खणली होती.

नांगराबद्दल मात्र ते सावकाश बोलत. आधी दोरीला शिसं बांधून पाणी मोजायचं, वावांत. शिशाच्या बुडाला चरबी फासलेली. तिला चिकटून वर आलेला चिखल बोटांत चोळून बघायचा. चिखलात चार नख्यांचा नांगर धरतो. खडकात अडकतो आणि पहाटे सुटत नाही. मग दोर. "दोराची कंजुसी करशीत तर रातभर जागशीत," हे मला पतंग उडवतानाही ऐकावं लागे. दोर लांब सोडला की ओढ आडवी बसते, नख्या रुततात. आखूड दोरावर लाटेसरशी नांगर उपटतो. शेवटी किनाऱ्यावरच्या खुणा: पुढे बुरूज, त्यामागे माड. दोन्ही एका रेषेत आहेत तोवर झोपायचं. फाकल्या, तर नांगर घसरतोय.

पुढे ट्रक आले, होड्यांना इंजिनं बसली, घरांवर स्लॅब पडले. मचवा गेला, आबांची झोप मात्र मचव्यावरच राहिली. भरती फिरली की नांगरलेला मचवा फिरतो आणि तांडेल उठून खुणा बघतो. घरातली खाट कुठे फिरणार? तरी आबा उठायचे. आज एकला, उद्या पावणेदोनला, परवा अडीचला. पडवीत येऊन खाडीकडे बघायचे आणि परत जाऊन घोरायला लागायचे. आजीने डॉक्टरांकडून झोपेच्या गोळ्याही आणल्या. ओहोटी-भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा होते, हे कॉलेजात वाचलं तेव्हा मला त्या उठण्याचा हिशेब लागला.

आबा गेले ते कोल्हापूरच्या एका दवाखान्यात, भर दुपारी. आदल्या रात्री सोबतीला मी होते. दीडच्या सुमारास ते उठून बसले. त्या रात्री विजयदुर्गला भरती कधी फिरली, ते मी नंतरही पाहिलेलं नाही. पाहायचंही नाही.

"खुणो खंय?"

खिडकीतून दिसेल ते मी सांगितलं: औषधाच्या दुकानाची पाटी, तिच्यामागे पाण्याची टाकी. दोन्ही एका रेषेत आहेत, आबा.

त्यांनी बराच वेळ निरखून बघितलं.

"पाटी नको, ती विझतली. टाकी धर. आनी तिच्या फुडे दुसरा कायतरी बघ."