स्वमग्न माणसासाठी घराची घडी



दशलक्षण पर्व आता महिन्यावर आलं. या दिवसांत कुणी एकासन करतं, कुणी उपवास. पूजा-अभिषेकासाठी पहाटे उठावं लागतं, जेवणाच्या वेळा बदलतात, पाहुणे येतात. आपल्याला यात उत्साह वाटतो. पण ज्या घरात स्वमग्न मूल किंवा मोठं माणूस आहे, त्या घराला हे दहा दिवस सर्वांत जड जातात.

माझ्या नणंदेचा मुलगा स्वमग्न आहे. आता एकतीस वर्षांचा आहे आणि दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याच्या लहानपणापासून आम्ही दोघींनी जे जे करून पाहिलं, त्यातलं उपयोगी पडलेलं आज लिहिते.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे आणि आईच्या वळणाचा दोषही नव्हे. मेंदूची घडणच वेगळी असते. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांबद्दल लिहिलं. सगळं जसंच्या तसं राहावं अशी या मुलांची ओढ असते, हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. आपण ज्याला हट्ट म्हणतो, ती पुष्कळदा पुढे काय होणार हे न कळल्याची धास्ती असते.

म्हणून पहिला उपाय चित्रांचं वेळापत्रक. ब्रश, आंघोळ, मंदिर, नाश्ता अशी चित्रं ओळीनं भिंतीवर लावायची. काम झालं की ते चित्र काढून डब्यात टाकायचं. पर्वातली वेगळी चित्रं आम्ही आठ दिवस आधीच दाखवायला लागतो. पाहुणे येणार असतील तर त्यांचा फोटोही लावतो.

सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचंच बघा. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. ज्याला घड्याळाचा काटा ठरल्या जागीच हवा, त्याला हे कसं पटावं? नणंदेनं कॅलेंडरवर दर आठवड्याची जेवणाची वेळ लिहायला सुरुवात केली आणि एका वेळी पाचच मिनिटं सरकवली. वेळ आता तो स्वतः वाचतो आणि आम्हालाच आठवण करून देतो.

ताटाचंही तसंच. काहींना मऊ पदार्थ तोंडात नको होतो, काहींना दोन पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत. पर्वात घरात हिरवी भाजी बंद असली तरी त्याचा मुगाच्या आमटीचा आणि भाताचा वाटा रोजच्यासारखाच असतो, वेगवेगळ्या वाट्यांत. व्रत ज्यानं त्यानं समजून घ्यायचं असतं, दुसऱ्यावर लादायचं नसतं.

मंदिरात घंटेचा आवाज त्याला कानात खिळा ठोकल्यासारखा होतो. म्हणून गर्दी ओसरल्यावर, दहा-साडेदहाला जायचं आणि कानावर आवाज अडवणारे हेडफोन घालायचे. पंधरा मिनिटं बसून णमोकार मंत्र म्हणाला की त्याचं दर्शन झालं. हेडफोनकडे बघून बायका कुजबुजतात, त्यांना नणंद शांतपणे सांगते, "त्याला चष्म्यासारखेच लागतात ते."

बोलताना एका वेळी एकच वाक्य बोलावं. "जरा आवरून घे" म्हणण्यापेक्षा "ताट मोरीत ठेव" म्हणावं. मग मनात दहा आकडे मोजावेत. उत्तर येतं, फक्त उशिरा येतं. माझ्याकडे बघून बोल, असा आग्रह नको. क्षमावाणीला आलेल्यांनी त्याला मिठी मारू नये, लांबूनच हात जोडावेत. तोही जोडतो.

तो कान झाकून डोलायला लागला, तर उपदेश करू नये. दिवा मंद करावा, माणसं बाहेर काढावीत, आपण जवळ गप्प बसावं. अहिंसा म्हणजे नुसती मुंगी वाचवणं नव्हे, हे मला त्या खोलीत बसून जास्त कळलं.

मी कॉमर्सची, म्हणून पैशाचंही सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, तेव्हा प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. आयकराची जुनी पद्धत घेणाऱ्या पालकांना ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपये वजावट मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्यविमा आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो.

नणंद आता चौसष्टची आहे. "माझ्यामागं याचं काय?" हा प्रश्न ती फार वेळा विचारत नाही, पण तिनं एक दोनशे पानी वही घातली आहे. कोणता साबण चालतो, कोणत्या आवाजाला घाबरतो, दात दुखला तर कसा वागतो, बँकेत कुठवर एकटा जाऊ शकतो, सगळं तारीखवार. एक प्रत माझ्याकडे आहे, एक धाकट्या भाच्याकडे. दर रविवारी आई घरात नसताना त्याला जेवू घालायची पाळी आमच्यापैकी एकाची असते, म्हणजे आमच्या हातची त्याला आत्तापासूनच सवय होते.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर ही वही आजच घाला. नसेल, तर शेजारच्या घराची एक पाळी मागून घ्या.