डोनाल्डच्या मामाची सही

हॉस्टेलवर प्रत्येकाला एक तरी खूळ असतं. आमच्या विंगमधला एकजण काडेपेट्यांचे छाप जमवतो, दुसरा फक्त बॅकलॉग जमवतो. मी बंद झालेले डिस्ने डॉलर जमवतो. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे व्यापार खेळातल्या नोटा का रे?"

तसं नाही. व्यापारातल्या नोटेचं दुकानात काही मिळत नाही, हिचं मिळायचं. 5 मे 1987 ला कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये या नोटा पहिल्यांदा विक्रीला आल्या. विक्रीलाच म्हणायचं, कारण खरा एक डॉलर दिला की डिस्नेचा एक डॉलर मिळायचा. तो पार्कातल्या दुकानांत, खाण्याच्या ठिकाणी चालायचा आणि उरला तर परत देऊन खरा डॉलर घेता यायचा. एकाच्या नोटेवर मिकी, पाचाच्या नोटेवर गुफी, आणि पुढे दहाची आली तिच्यावर मिनी. अनुक्रमांक असायचा, बारीक नक्षी असायची, कागदात चमचमणारे ठिपके असायचे. आणि ट्रेझरर म्हणून सही कोणाची? स्क्रूज मॅकडकची!

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा बदक माहीत नसेल. स्टाफपैकी ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना विचारा. रविवारी सकाळी दूरदर्शनवर डकटेल्स लागायचं, त्यातला पैशाच्या ढिगात पोहणारा म्हातारा तोच. हिंदीत सगळे त्याला अंकल म्हणायचे. पण तो डोनाल्डच्या आईचा भाऊ, म्हणजे मराठीत मामाच झाला.

आता धंद्याचं गणित बघा. महिन्याच्या सुरुवातीला आपण मेसची कुपनं घेतो, त्यातली दोन-चार कुठल्यातरी पुस्तकात मरतात. फायदा कोणाचा, हे सांगायला इकॉनॉमिक्सचा पेपर लागत नाही. इथेही तेच. आठवण म्हणून जी नोट घरी गेली, ती छापण्याचा खर्च वजा जाता जवळजवळ पूर्ण डॉलर कंपनीचा. संग्राहक हे सगळ्यात आदर्श गिऱ्हाईक, कारण आइस्क्रीमचे पैसे भरून तो आइस्क्रीम खातच नाही! कंपनीही हुशार. दर थोड्या काळाने नवी चित्रं काढायची. 2005 मध्ये डिस्नेलँडला पन्नास वर्षं झाली तेव्हा पन्नास डॉलरची नोट काढली, 2007 मध्ये समुद्री चाच्यांच्या सिनेमाची मालिका. शिवाय अनुक्रमांकाच्या सुरुवातीला 'ए' असेल तर नोट कॅलिफोर्नियाची, 'डी' असेल तर फ्लोरिडाची. म्हणजे एकच चित्र दोनदा मिळवणं आलं.

माझी पहिली नोट मामाने आणली, 2009 मध्ये. मी तेव्हा चार वर्षांचा, त्यामुळे ती माझ्या हातात न देता आजोबांच्या हातात दिली गेली. आजोबा बँकेत कॅशियर होते, रिटायर झाले तरी सवय गेली नव्हती. त्यांनी नोट उजेडात धरली, अंगठ्याने कड घासली, नंबर वाचला, मग सही. चष्मा वर करून मामाला म्हणाले, "छपाई चांगली आहे. पण ही सही करणारा माणूस कोण?" मामा म्हणाला, "माणूस नाही हो, बदक आहे." हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितला जातो. आजोबांनी मात्र ती नोट एलआयसीच्या कागदांबरोबर लोखंडी कपाटात ठेवली. नंतर मामाने आणलेल्याही तिथेच गेल्या.

14 मे 2016 ला डिस्नेने या नोटांची विक्री बंद केली. लोक कार्डं वापरायला लागले होते. पण बंद झाली ती विक्री. आधीच्या नोटा पार्कात चालतील असं कंपनीने तेव्हाच सांगितलं. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला आपल्याकडे पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. आजोबा वर्षानुवर्षं ज्या नोटा मोजत आले, त्या घेऊन ते रांगेत उभे राहिले. खुर्ची देऊ केली तरी बसले नाहीत. घरी येऊन त्यांनी हजारची एक नोट बाजूला काढली आणि मिकीच्या नोटेशेजारी ठेवली. तुलना बरोबर नाही हे मलाही कळतं. एक देशाचं चलन, दुसरं नुसतं गिफ्ट व्हाउचर, त्यामागची कारणं वेगळी, नियम वेगळे. तरी त्या दोन नोटा शेजारी बघून मला अजून कसंतरी होतं. गव्हर्नरची सही असलेली चालत नाही आणि बदकाची सही असलेली चालते! (हजारची ठेवणं गुन्हा नाही. 2017 च्या कायद्याप्रमाणे अशा दहापर्यंत नोटा जवळ ठेवता येतात, नाणी-नोटांच्या अभ्यासासाठी पंचवीस.)

आजोबा 2021 मध्ये गेले. कपाटातली फाइल माझ्याकडे आली, तेव्हापासून खरा नाद लागला.

गेल्या डिसेंबरमध्ये मामेबहीण आली होती. ती लॉस एंजेलिसला असते, डिस्नेलँडला जाणारच होती. म्हणाली, "दादा, दे ना सगळ्या नोटा. मी तिथे वापरते, तुला मिकीचे कान आणते." रूम पार्टनरचंही मत तेच, म्हणे चीज होईल, नाहीतर पडूनच राहणार. दोन दिवस मी खरंच विचार केला. तिने काउंटरवर दिली असती तर ती नोट पुन्हा कोणाच्या हातात सुट्टे म्हणून आली नसती, कारण विक्रीच बंद. शेवटी गुफीच्या दोन सारख्या नोटा होत्या, त्यातली घडी पडलेली एक दिली. आजोबांची मिकी दिली नाही. कान आलेत, छोटे होतात.

सध्या फाइलमध्ये अकरा नोटा आहेत. 'डी' अक्षराची मिनी अजून मिळालेली नाही. कोणाची मावशी-आत्या फ्लोरिडात असेल तर जुन्या पर्सा जरा तपासायला सांगा. दर्शनी किंमत देईन, वर कँटीनचा वडापाव.