आठशे फ्रँकचा सूर्य

क्लोद मोने मूळचा पॅरिसचा, पण वाढला ल आव्हर बंदरात. शाळेच्या वह्यांत मास्तरांची अर्कचित्रं काढणाऱ्या या पोराला यूजेन बूदँ या चित्रकाराने तिथेच उघड्यावर बसून रंगवायची सवय लावली. १८७२मध्ये मोने पुन्हा तिथे आला आणि हॉटेलच्या खिडकीतून दिसणारं ओळखीचं बंदर त्याने कॅनव्हासवर उतरवलं.

चित्र जेमतेम ४८ बाय ६३ सेंटिमीटरचं. जवळून पाहिलं तर पुढची होडी म्हणजे गडद रंगाचे मोजके फटकारे. तिच्यातली माणसं त्याहूनही थोडक्यात उरकलेली. मागे धुक्यात डोलकाठ्या, क्रेन, धुरांडी. सूर्य मात्र दाट नारिंगी, आणि पाण्यावर त्याच रंगाचे तुटक तुकडे. गंमत म्हणजे हा सूर्य भोवतालच्या आकाशाहून उजळ नाहीच! कृष्णधवल फोटोत तो जवळजवळ गायब होतो. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन यांच्या मते, मेंदूत रंग ओळखणारी आणि उजेड जोखणारी यंत्रणा वेगवेगळी असते. पहिलीला सूर्य दिसतो, दुसरीला नाही. म्हणून तो थरथरल्यासारखा वाटतो.

मोने आणि त्याच्या चित्रकार मित्रांच्या कंपूने १८७४मध्ये भरवलेल्या प्रदर्शनाच्या यादीसाठी चित्राला नाव हवं होतं. ल आव्हरचं दृश्य म्हणून हे खपणार नाही, हे मोनेलाही कळत होतं. ‘इम्प्रेशन’ लिहा, म्हणाला. लुई लरुआ या समीक्षकाने तेवढंच पकडून ‘शारिवारी’ पत्रात सगळ्या कंपूची टर उडवली, आणि कंपूला ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव मिळालं.

किमतीचं मात्र काही खरं नव्हतं. कापडव्यापारी एर्नेस्ट ओशदेने ते ८०० फ्रँकला घेतलं. चार वर्षांत त्याचं दिवाळं वाजलं आणि लिलावात जॉर्ज द बेलिओ या होमिओपॅथ डॉक्टरला तेच चित्र २१० फ्रँकमध्ये पडलं. ओशदेचं कुटुंब मोनेच्याच घरात राहायला आलं. ओशदे वारल्यावर त्याची बायको आलीस १८९२मध्ये मोनेची बायको झाली. चित्र गेलं, बायकोही गेली. बिचारा ओशदे!

बेलिओच्या मुलीने १९४०मध्ये ते पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयाला दिलं. चारच वर्षांत दोस्त राष्ट्रांच्या बाँबफेकीत चित्रातलं ल आव्हर बेचिराख झालं.

ऑक्टोबर १९८५मध्ये भरदिवसा, प्रेक्षकांसमोर, चोरांनी पिस्तुलं रोखून संग्रहालयातली नऊ चित्रं पळवली. त्यात हेही होतं. १९९०च्या अखेरीस कॉर्सिका बेटावर ती सापडली. इतकं ओळखीचं चित्र विकणार कुणाला, याचा विचार चोरांनी आधी केलेला दिसत नाही.