सात घरची मांजर

आमच्या चाकूरच्या गल्लीत मांजर कुणी पाळत नव्हतं, तरी मांजराची कधी कमी नव्हती. आजी म्हणायची, "तिला काय पाळायचंय रे? तिनंच गल्ली पाळलीय."

तेव्हा घरं माळवदाची. भिंतीला भिंत लागलेली. एका माळवदावरून दुसऱ्यावर पाय टाकत गल्लीच्या टोकापर्यंत जाता यायचं. माणसांचा रस्ता खालून, मांजरांचा वरून. उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यातून ती घरात उतरायची. उन्हाळ्यात रांजणाच्या ओल्या वाळूत, थंडीत चुलीजवळ, पावसाळ्यात कडब्याच्या गंजीत तिची जागा ठरलेली. बोका मात्र एका जागी थांबायचा नाही, पार शिवारात फिरून यायचा. मांजर व्याली की पिलांना सात घरं दाखवते म्हणतात. आज कुणाच्या कणगीमागं पिलं आहेत, हे आजीला अचूक ठाऊक. त्या घरानं खापरात दूध ठेवायचं, हा न बोललेला नियम होता.

१९९२ साली मी दहावीला होतो. उंदरांनी तुरीची पोती फोडली. आजी नको म्हणत असताना मी बाजारातून औषध आणलं, पिठात मळून गोळ्या टाकल्या. उंदीर मेले. तिसऱ्या दिवशी मांजर गोठ्यात ताठ होऊन पडलेली दिसली. पिलं शेजारच्या कोठ्यात ओरडत होती. आजीनं कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजलं. चारातली दोन जगली. आजी मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त रोज संध्याकाळी पिलू माझ्या हातात द्यायची, "धर. पाज."

पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमची घरं उभी राहिली, पण डोक्यावरच्या मातीची धास्ती बसली. हळूहळू माळवदं उतरली, पत्रे आले, मग स्लॅब. दोन घरांत बोळ पडले, वरचा रस्ता तुटला. शेतात सोयाबीन आलं, ते घरी थांबत नाही, थेट मोंढ्यात जातं. कणग्या रिकाम्या झाल्या, तसे उंदीर गेले आणि मांजरंही. आजी अखेरपर्यंत खापरात दूध ठेवायची. सकाळी ते तसंच असायचं.

गेल्या दिवाळीत सोयाबीन घालायला मोंढ्यात गेलो. पोत्यांच्या थप्प्या आडतीच्या एका दुकानापासून दुसऱ्यापर्यंत लागलेल्या. त्यांच्यावरून एक मांजर तोंडात पिलू धरून चालली होती. अगदी माळवदावरून चालावी तशी. हमाल भाकरीचा तुकडा दुधात कुस्करत होते.

"उंदराला औषध टाकत नाहीत का इथं?" मी विचारलं.

"औषध टाकल्यावर ही कुठली राहायला?" एक म्हातारा हमाल म्हणाला. "परवापासून तिसरं दुकान आहे तिचं. अजून चार राहिलेत."

हातात पट्टीची चिठ्ठी होती. ती खिशात घातली आणि पिलू पोत्यामागं दिसेनासं होईपर्यंत तिथंच थांबलो.